राजगिऱ्याचं पाखरू

अमडापूर, १९ सप्टेंबर १९३४

गोजरबाईंच्या मळ्यातल्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. बिऱ्हाड कसलं, एक वळकटी, रंगांची पेटी, भिंग आणि कंदिलाच्या पाच-सहा काचा. काचा बघून गोजरबाई म्हणाल्या, "येवढे कंदील लावून काय लगीन लावता का खोलीत?" म्हटलं, कंदील नाहीत, नुसत्या काचाच आहेत, वरून मलमल बांधायची आणि आत किडे पाळायचे. त्यांनी मळ्यातल्या बायांना जाऊन सांगितलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत चारपाच जणी दारातून डोकावून गेल्या.

मी शेतकी खात्याचा चित्रकार. पिकांवरच्या किडींचे तक्ते रंगवणं हा माझा धंदा. राजगिऱ्यावर एक बारीक पतंग येतो, त्याची अळी पानं जाळ्यात गुंडाळून खाते. नागपूरच्या साहेबांना त्याचा सबंध जन्म एका कागदावर हवा आहे: अंडं, अळी, कोश, नर, मादी. मेलेला पतंग पेटीत घालून टपालाने पाठवला तर पोहोचेपर्यंत त्याच्या पोटाचा रंग उडून जातो. म्हणून पतंग साहेबांकडे न पाठवता मीच पतंगाकडे आलो.

खरं सांगायचं तर अकोल्याहून निघायला मिळालं हेच बरं झालं. तिथल्या दोन खोल्या खायला उठतात. झुंबर चैत्रात बाळंतपणाला नांदुऱ्याला माहेरी गेली. वैशाखात निरोप आला की मुलगा झाला, पण जिवंत नव्हता. मी धावत गेलो तोवर सगळं आटोपलं होतं. ती आतल्या खोलीत, मी ओसरीवर सासऱ्यांसमोर. पहिल्या बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला सोडत नाहीत म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. तिचं तोंडही बघितलं नाही.

आता ती येईल. आमच्या वाईकडे बाळंतपणाला गेलेली लेक भाऊच पोहोचवायला येतो, बरोबर शिदोरी घेऊन. तिचा भाऊ इंद्रभान आणील तिला, तिचं मन सावरलं की. मी घाई करणार नाही. दुःखातल्या माणसाला 'चल' म्हणणं मला जमत नाही.

२३ सप्टेंबर

तीन संध्याकाळी दिवा लावून पांढऱ्या धोतरासमोर बसलो. वऱ्हाडातले यच्चयावत किडे येऊन भेटून गेले, हवा तो सोडून. एक भुंगा तर चहात पडला.

आणि आज भर दुपारी, जेवून निंबाखाली आडवा झालो होतो, तर समोरच्या राजगिऱ्याच्या तुऱ्यावर काही चमकलं. उठून भिंग लावलं. हात्तिच्या, हाच तो! उन्हात! पतंगाच्या जातीत जन्मला आणि दिव्याला ओळख देत नाही. तांदळाच्या दाण्याएवढा जीव. पंख अरुंद, काळसर, त्यावर तांब्याची झाक आणि पिवळे ठिपके. चालला की पंख थोडे उचलतो, आणि मग खाली दिसतं ते पोट. असं तांबडं की मी मोठ्याने "अरे वा" म्हणालो. गोजरबाईंनी भेंडी तोडता तोडता वळून बघितलं.

झुंबर असती तर भिंग हिसकावून घेतलं असतं. अकोल्यात मी काम करत बसलो की ती मागे उभी राहून किड्याशीच बोलायची. "काऊन रे, हलून राह्यला? नीट बस ना, साहेब तुहा फोटू काढून राह्यले." मी ओरडायचो. आता कोणी बोलत नाही, हात स्थिर राहतो, आणि चित्र चांगलं येत नाही.

२९ सप्टेंबर

सरवरी नावाची मनियारीण बांगड्यांची टोपली घेऊन मळ्यात आली होती. नवरा मेहबूब बाजारात दुकान लावतो, ही घरोघर फिरते. मोठी बोलकी बाई. मळ्यातल्या बायांना बांगड्या भरता भरता माझी उलटतपासणी घेतली.

"बाई कुठी असते तुमची?"

"माहेरी. नांदुऱ्याला."

"कवापासून?"

"चैत्रापासून."

"आन् घ्याले कोन गेलतं?"

"कोणी नाही. तिचा भाऊ आणून पोहोचवील."

सरवरीच्या हातातली बांगडी तशीच अर्ध्यावर राहिली. तिने गोजरबाईंकडे बघितलं, गोजरबाईंनी तिच्याकडे. मग सरवरी म्हणाली, "असं व्हय," आणि बांगडी पुढे सरकवली. बायकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची भारी हौस. मी राजगिऱ्यात निघून गेलो.

६ ऑक्टोबर

अळ्या भरपूर. शेंड्याची दोन-तीन पानं रेशमी धाग्याने एकाला एक जोडतात आणि आत बसून हिरवं खरवडतात. वरून बघितलं तर नुसतं पान दुमडलेलं दिसतं. उलगडलं की अळी धागा सोडून खाली उडी मारते. सापडायला चपळ, रंगवायला त्याहून चपळ.

गोजरबाईंचा जीव मात्र वरखाली होतो. राजगिरा त्यांचा वर्षाचा भरवसा, महाशिवरात्रीला लाडवांसाठी जातो. म्हणाल्या, "तुमचे पाहुणे मी जाळून टाकतो आज." हातापाया पडून बांधाजवळचा एक वाफा मागून घेतला. "लय लाड किड्याचे," म्हणाल्या. "माणसाचे बी करत जा थोडे."

मी म्हटलं, माझं माणूस इथं कुठे आहे लाड करायला? त्या पाणी धरायला गेल्या, पण जाताना काहीतरी पुटपुटल्या.

सासऱ्यांना कार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर: सर्व क्षेम. एवढंच. झुंबरला लिहिता येत नाही, आणि तिने सांगितलं तरी सासरे लिहिणार 'सर्व क्षेम'. मला तिची फार आठवण येते. हे मी कार्डावर कसं लिहू? सासरे मोठ्याने वाचून दाखवणार.

१२ ऑक्टोबर

काचेतल्या अळ्यांनी पानाच्या कडेला पांढरे कोश विणले होते. त्यातले बहुतेक उघडले. बाहेर आलेला पतंग सुरुवातीला ओला, चुरगळलेला असतो. थोडं ऊन लागलं की पंख ताठ होतात. नर-मादी दोन्ही मिळाले. काम जोरात चाललं होतं.

एक कोश उघडलाच नाही. बाकीचे रिकामे झाले तरी हा तसाच. सकाळी सुईने फाडून पाहिला. आत पतंग पूर्ण तयार होता. पाय होते, पंखांची घडी होती, पोट तांबडं झालेलं. काहीही कमी नव्हतं त्यात. नुसता बाहेर आला नाही.

असे कोश पुष्कळ असतात, नवल नाही. तो मळ्यात एका वाफ्यात पुरला. का पुरला, कोण जाणे. किडा पुरायची आमच्या खात्यात पद्धत नाही. दुपारनंतर ब्रश ठेवून दिला. चष्म्याचा नंबर वाढला असावा. डोळे सारखे भरून येत होते.

१८ ऑक्टोबर, दसरा

गावात शिलंगणाची गर्दी. गोजरबाईंना सोनं दिलं, मेहबूबला दिलं, वाटेत भेटेल त्याला दिलं. एक पान खिशात उरलं.

बायकोला दसऱ्याचं सोनं देतात का, आमच्याकडे तरी नाही. पण गेल्या वर्षी झुंबरने हात पुढे केला होता. "मले नाही का?" म्हणाली. सातव्या महिन्याचं कौतुक नव्हतं तेव्हा काही, बाळाचं नुकतंच कळलं होतं, नाही, कळलंही नव्हतं. आम्ही दोघंच होतो, एवढंच आठवतं. किती हसली होती.

२५ ऑक्टोबर

तांबडा जमला! आठवडाभर झगडत होतो. शुद्ध हिंगूळ लावला तर भडक, गेरू मिसळला तर मेलेला. शेवटी हिंगुळाखाली पिवळ्याचा अगदी पातळ हात दिला आणि सुकू दिला. जिवंत पतंगाशेजारी कागद धरला, गोजरबाईंना बोलावलं. बराच वेळ भिंगातून बघून म्हणाल्या, "बाप्पा! हे तर उडन आता."

आता फक्त अंडी राहिली. मादी तुऱ्याच्या घड्यांत कुठेतरी घालत असणार, पण नेमकी कुठे ते दिसलं नाही. तक्त्यावर त्या जागी एक रिकामा गोल सोडला आहे.

आनंद झाला की तो सांगायला माणूस लागतं. झुंबर, तू येत का नाहीस? इतकी का रुसलीस? मी काय केलं?

३० ऑक्टोबर

इंद्रभान आला होता. आठवडी बाजारात मिरचीचं बियाणं बघायला, म्हणाला. मला वाटलं बरोबर झुंबर असेल. गाडीकडे दोनदा बघितलं. एकटाच होता.

बसवलं, चहा केला. तिच्याविषयी विचारायचं जिभेवर आलं होतं, पण विचारलं नाही. त्या घरावर जे कोसळलं त्याची आठवण जावयाने कशाला काढावी? आमच्याकडे असं काही झालेल्या घरात आपण होऊन नाव काढत नाहीत, तीच माणुसकी समजतात. मग बोलायचं काय? त्याला पतंग दाखवला. अळी कशी, कोश कसा, हा दिव्याला का येत नाही, सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. चहा तसाच निवला.

शेवटी उठला. दारात उभा राहून म्हणाला, "जवाईबापू, बापानं सांगतलं तेवढं सांगतो. दिवाळी झाली की पंच बसवतो आमी. काडीमोड करून टाकू. तुमी बी मोकळे, ते बी मोकळी."

मी विचारलं, "झुंबर काय म्हणते?"

"आता इचारता?" एवढंच बोलून तो गाडीत बसला.

काडी मोडायची. पंचांसमोर गवताची एक काडी दोघांच्या नावाने मोडली की झालं, पुढे तिचा पाट कोणाशीही लावता येतो. मी आत आलो, तर तक्त्यावरचा पतंग माझ्याकडे बघत होता. पालथा घातला.

३१ ऑक्टोबर

तिला नको आहे मी. स्पष्ट आहे. सहा-सात महिन्यांत एक निरोप नाही. जाऊ दे. अडवणारा मी कोण?

जेवलो नाही.

१ नोव्हेंबर

नको कशी? तिनेच तर जाताना स्टेशनवर सांगितलं होतं, दुधाला झाकण ठेवत जा, मांजर येते. नको असलेल्या माणसाला कोणी असं सांगतं का?

२ नोव्हेंबर

सकाळी गोजरबाई भाकरी घेऊन आल्या, मी तोंड फिरवलं. झालं, बाईंचा पट्टा सुटला.

"इंद्रभान आलता न? काय सांगतलं त्यानं?"

सांगितलं. काडीमोडीचंही.

"मंग? जाऊन राह्यले का नाई?"

म्हटलं, "कुठे जाऊ? तिला यायचं असतं तर भावाने पोहोचवली असती."

"भावानं काऊन पोचवावी वो?" गोजरबाई एवढ्या ओरडल्या की मोटेचा बैल थांबला. "तुमच्या मुलखात पोचवत असन. आमच्या वऱ्हाडात माहेरचा माणूस लेक पोचवत नाई. सासरचं बाईमाणूस येते, ओटी भरते, आन् मानानं घेऊन जाते. आन् जिचं लेकरू गेलं, ते तर बोलावल्याबिगर उंबरा वलांडतच नाई. गावानं म्हनलं पायजे न, हिले सासरी मान हाय म्हनून. तुमी नाई गेले, तुमचं कोनी नाई गेलं. सारा पावसाळा ते पोरगी सडकेकडे पाहून राह्यली असन. आन् तुमी इथी अळ्यायले पानं चारून राह्यले!"

"पण मला कोणी सांगितलं नाही."

"इचारलं काय तुमी? सरवरीनं इचारलं, म्या इचारलं, तुमी आपले भाऊ पोचवन, भाऊ पोचवन."

मी खाली बसलो. सासरा म्हणाला असेल, जावई आला नाही. सासू म्हणाली असेल, पोरगा जगला नाही म्हणून टाकली. आणि झुंबर? तिने काय धरलं असेल मनात? मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय. छे! काय हे!

मग विचारलं, "तुम्ही याल माझ्याबरोबर?"

गोजरबाईंचा आवाज उतरला. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी रांडमुंड बाई. मह्या हातची ओटी कोन घेईन?"

३ नोव्हेंबर

माझी आई नाही, काकू गेली, बहीण नव्हतीच. वाईला तार करून कोण येणार, चुलता एकटा. सकाळभर डोकं धरून बसलो होतो. एकटाच जातो म्हटलं, तर गोजरबाई म्हणाल्या, एकट्या पुरुषाच्या हवाली बाप लेक करायचा नाही, उलट पंचांत त्यालाच बोलायला निमित्त होईल.

दुपारी सरवरी टोपली घेऊन आली. गोजरबाईंनीच बोलावली होती. टोपली उतरवून ती माझ्यासमोर बसली.

"भाऊ, गावातल्या साऱ्या सवाशिनीले बांगड्या मीच भरतो. नव्या नवरीले पयला हात मीच लावतो. माहा मेहबूब जिता हाय, अल्लाची मेहरबानी. मी आली तं चालन का?"

मी मान हलवली.

"पर मी मुसलमान हावो. तिथी कोनी काही बोललं तं?"

गोजरबाई म्हणाल्या, "बोलन त्याले म्हना, ज्याच्या घरचं बाईमाणूस तो ठरवन."

खण, नारळ, तांदूळ गोजरबाईंनी आणवले, स्वतः हात न लावता सरवरीकडून बांधून घेतले. सरवरीने टोपलीतून हिरव्या बांगड्या निवडल्या. माप विचारलं. मी म्हटलं माहीत नाही. दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कागदावर तिचा हात आठवून काढून दाखवला. सरवरीने बोटांनी अंदाज घेतला. "लहानखुरी हाय," म्हणाली.

४ नोव्हेंबर, नांदुरा

पहाटे निघताना मादी तुऱ्यात शिरून घुटमळत होती, पोटाचं टोक वाकवून. बसलो असतो तर आज अंडी मिळाली असती. मोटार भोंगा वाजवत होती. गेलो.

खामगावला मोटार बदलून जेवणवेळेला नांदुऱ्याला पोहोचलो. सासरे, रामराव, ओसरीवर होते. मापाडी माणूस, एरवीही कमी बोलतात. पाण्याचा लोटा पुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत बसले. इंद्रभान आत निघून गेला.

सासूबाई दारात आल्या. "ह्या कोन?"

माझ्या आधी सरवरीच बोलली. "मी यायच्या घरची. यायले माय नाई, बहीन नाई. मी बहीन. सून न्याले आलो."

सासूबाई तिच्या टोपलीकडे, कपड्यांकडे बघत राहिल्या. शेजारच्या दोन बाया कुडावरून वाकून बघत होत्या. मला वाटलं, संपलं आता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मामंजी, आमच्याकडे भाऊ पोहोचवतो. मी त्याचीच वाट बघत होतो. इथली रीत मला माहीत नव्हती. मी तिला विसरलो नाही हो, एक दिवस नाही."

रामरावांनी लोटा उचलून बाजूला ठेवला. मग आत तोंड करून म्हणाले, "पाट मांडा वो. बाई दुरून आली."

आत काय झालं ते मला दिसलं नाही. बांगड्यांचा आवाज आला. एक फुटली, सरवरी "हाय अल्ला, हात कसा उतरला पोरीचा" असं म्हणाली. मग कोणी तरी रडलं, सासूबाई बहुतेक.

झुंबर बाहेर आली. ओटीत नारळ तसाच, हातात हिरव्या बांगड्या. चैत्रानंतर आज बघितली. गाल बसलेत. माझ्याकडे बघून हसली नाही, रडलीही नाही.

ती म्हणाली, "कागद हाय?"

"या वहीचा आहे. पेन्सिल आहे."

ती खाली बसली, ओसरीच्या कडेला, माझ्यापासून हातभर लांब. "त्याले मी पाह्यलं," म्हणाली. "माय पाहू नको म्हने, तरी पाह्यलं. इथी कोनी त्याचं नावच काढत नाई. मी मेली की त्याले पाह्यलेलं कोनी राहनार नाई. तुमी काढा. मी सांगतो."

"मी त्याला बघितलं नाही ग, झुंबर."

"म्हनूनच तं सांगतो."

मी कागद फाडून मांडीवर घेतला. ती सांगू लागली, मी काढू लागलो. कपाळ तुमच्यासारखं, रुंद. नाही, येवढं नाही. नाक बसकं, मह्या बापासारखं. केस लय होते, कानावर आलते, वले. कान काढला तर म्हणाली, पाळी जुळलेली होती. खोडलं, पुन्हा काढलं. हनुवटीशी आल्यावर तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, स्वतःच एक बारीक टिंब दिलं, आणि परत दिली.

"डोळे?" मी विचारलं.

"मले काय मालूम. उघडले नाई ना त्यानं."

मिटलेले काढले. पापण्या काढताना कागद मला दिसत नव्हता, तिनेच बोट लावून जागा दाखवली. रामराव उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले, वाकून बघितलं, आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसत परसाकडे गेले.

ऊन कलायला लागलं होतं. सरवरीने टोपली डोक्यावर घेतली. "भाऊ, खामगावची मोटार सुटन आता."

झुंबरने मान वर केली नाही. "सुटू द्या वो तिले," म्हणाली. "आजून त्याचे व्हट राह्यले. ते झाले की निघू आपन."